सुईआधी नमुना: गोव्याच्या गोठ्यातले जिवाणूजन्य रोग कसे ओळखावे, कसे आवरावे

गाय सकाळी खुराकाला तोंड लावत नाही. अंग तापलेले, कान गार, दूध निम्म्यावर. घरात मागच्या आजारातली अर्धी उरलेली अँटिबायोटिकची बाटली असते आणि दवाखान्यात फोन लागायच्या आत ती टोचलीही जाते. ताप उतरला तर औषधाला श्रेय मिळते. उतरला नाही तर दोन दिवसांनी पशुवैद्य येतात, पण तोवर रक्तात आणि दुधात औषध भिनलेले असते. अशा नमुन्यातून प्रयोगशाळेच्या बशीत काहीच उगवत नाही. रोग कोणता होता ते कळत नाही. मग शेजारच्या चार जनावरांना काय द्यायचे आणि कोणते दूध वेगळे काढायचे, हेही कळत नाही.

गोव्यात जून ते सप्टेंबर गोठा नीट सुकतच नाही. खाजनातले (खाडीकाठच्या भातशेतीतले) पाणी, कुळागरातली (सुपारीच्या बागेतली) सावली, उंदीर, गोचीड, माश्या असे जिवाणूंना हवे ते सगळे इथे मिळते. म्हणून रोगाचे नाव कळणे इथे फार मोलाचे. त्यासाठी क्रम एकच ठेवा: आधी पाहा, मग मोजा, मग नमुना काढा आणि मगच सुई.

पहिली दहा मिनिटे

थर्मामीटर प्रत्येक गोठ्यात हवाच. साधा डिजिटल चालतो. टोकाला थोडे तेल लावून गुदद्वारात घाला आणि किंचित तिरका करून आतड्याच्या भिंतीला टेकवा. तो शेणात रुतला तर ताप दीड-दोन अंशांनी कमी दिसतो आणि आजारी जनावर निरोगी ठरते. गाईचे तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असते, म्हशीचे त्याहून थोडे कमी. शेळीचे १०१.५ ते १०३.५, डुकराचे १०१.५ ते १०३ आणि कोंबडीचे १०५ ते १०७. मे महिन्यात दुपारी उन्हात बांधलेली म्हैस कसलाही रोग नसताना १०३ च्या वर जाते. तिला सावलीत आणा, अंगावर पाणी ओता आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. ऊन लागले असेल तर तापमान खाली येते, रोगाचा ताप तसा उतरत नाही.

मग डाव्या कुशीत मूठ दाबून धरा. निरोगी पोट दर मिनिटाला एकदा-दोनदा मुठीला ढकलते. डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघा: फिकट, पिवळा की लालभडक. खांद्यापुढच्या गाठी दोन्ही बाजूंनी चाचपा. चारही सड वेगवेगळे दाबून बघा. लघवीचा रंग पाहा, शेण पातळ आहे की आव-रक्त पडते ते पाहा. शेवटी गळा आणि मांड्यांवरून हात फिरवा. हे सगळे वेळेसह वहीत लिहा. "काल संध्याकाळी १०४.२, आज सकाळी १०५" एवढी एक ओळही पशुवैद्यांचा अर्धा तास वाचवते.

एक अपवाद मात्र कायम लक्षात ठेवा. जनावर अचानक मेले असेल आणि नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळसर, न गोठणारे रक्त येत असेल, तर तपासणी करू नका. हात लावू नका, कापू नका. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

ताप आहे, पण जिवाणू आहेत का?

बाहेरच्या राज्यातून आणलेल्या संकरित गाईंना गोव्यात ताप आला की निम्म्या वेळा तरी गोचिडींपासून झालेल्या रोगाची शंका आधी घ्यावी. थायलेरियामध्ये खांद्यापुढच्या गाठी लिंबाएवढ्या फुगतात आणि पापण्या पांढऱ्या पडतात. बबेसियामध्ये लघवी काळ्या कॉफीसारखी होते. हे दोन्ही रक्तातले एकपेशीय परजीवी आहेत आणि त्यांची औषधे वेगळी आहेत, पेनिसिलीनने त्यांचे काही बिघडत नाही. तिसरा अ‍ॅनाप्लाझ्मा. तोही गोचिडींतूनच येतो, पण तो मात्र जिवाणू आहे. त्यात रक्त कमी होते, पापण्या पिवळट होतात, लघवी लाल होत नाही आणि ऑक्सिटेट्रासायक्लीनचा गुण येतो. तिघांतला फरक कानाच्या शिरेतल्या एका थेंबाच्या काचपट्टीवर दिसतो. ती काचपट्टी न काढता केलेला उपचार म्हणजे नुसता अंदाज.

(गोचीड उघड्या बोटांनी उपटून चिरडू नका. सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माणसांत दिसलेला माकडताप विषाणूजन्य आहे, पण तो रानातल्या गोचिडींमधूनच येतो. चिमटा आणि हातमोजे वापरा.)

तीन दिवसांत एका पायावरून दुसऱ्या पायावर सरकणारा लंगडेपणा, तोंडात आणि खुरांत फोड, अंगभर गाठी ही विषाणूजन्य रोगांची लक्षणे. चवथीनंतर किंवा फणसाच्या दिवसांत उरलेला भात, पीठ किंवा पिकलेले गरे पोटभर खाल्लेली गाय आडवी पडते. तिला ताप नसतो, पोट हलत नाही आणि शेण आंबट वासाचे, पातळ असते. ही पोटातली आम्लता आहे. तिला अँटिबायोटिक टोचून वेळ घालवला तर गाय हातची जाते.

कासदाह: इथे सर्वांत जास्त पैसा जातो

गुरांच्या घटसर्पाची (त्याबद्दल पुढे येते) भीती मोठी असते, पण दूध उत्पादकाचे वर्षभराचे नुकसान कासदाहच करतो. त्यातही डोळ्यांना न दिसणारा, सुप्त कासदाह. कास मऊ, दूध दिसायला चांगले, पण रोज अर्धा-एक लिटर कमी. तो पकडायला दोन चाचण्या पुरतात आणि दोन्ही घरी होतात.

पहिली काळ्या वाटीची. धार काढण्याआधी प्रत्येक सडाच्या पहिल्या तीन-चार धारा काळ्या तळाच्या वाटीत घ्या. गाठी, पाणी, रक्त लगेच दिसते. त्या धारा जमिनीवर सोडायच्या नाहीत. तिथेच गाय बसते आणि जिवाणू पुढच्या सडाला लागतात.

दुसरी साबणाच्या द्रावणाची. चार खळगे असलेली कॅलिफोर्निया चाचणीची थाळी आणि तिचे द्रावण मिळत असेल तर उत्तम. नसेल तर अर्धा लिटर पाण्यात कपडे धुण्याच्या पावडरीचे सहा चहाचे चमचे विरघळवा. हे साधारण तीन टक्क्यांचे द्रावण झाले. पहिल्या धारा टाकून दिल्यावर प्रत्येक सडाचे दोन-तीन मिलिलिटर दूध वेगळ्या खळग्यात घ्या, तेवढेच द्रावण घाला आणि थाळी गोल फिरवा. दूध पातळच राहिले तर सड निरोगी. तार सुटली, चिकट लगदा झाला किंवा जेलीसारखे मध्ये गोळा झाले तर दाह आहे. साबण दुधातल्या पांढऱ्या पेशी फोडतो आणि त्यांच्यातला डीएनए बाहेर येऊन दूध घट्ट करतो. म्हणून जेली जितकी घट्ट, तितका दाह जास्त. निरोगी सडात मिलिलिटरमागे साधारण दोन लाखांपेक्षा कमी पेशी असतात. कॅलिफोर्नियाचे द्रावण असेल तर निकाल दहा-पंधरा सेकंदांतच वाचा, जेली पुन्हा विरते. पावडरीचे द्रावण मिनिटभर फिरवावे लागते. व्याल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात आणि आटत आलेल्या गाईत ही चाचणी उगाच घट्ट येते. त्या दिवसांत तिच्यावर विसंबू नका.

जेली आलेल्या सडाचा नमुना औषधाआधी काढा. हात साबणाने धुवा, सड कोरडा पुसा, त्याचे टोक ७० टक्के स्पिरिटच्या बोळ्याने घासा. बोळ्यावर मळ येईनासा होईपर्यंत बोळे बदलत राहा. तीन धारा टाका. निर्जंतुक बाटली आडवी धरा, म्हणजे वरून केस-धूळ पडत नाही. पाच-दहा मिलिलिटर दूध घ्या, झाकण लावा, बर्फात ठेवा. बाटलीच्या काठाला सड टेकला तर तो नमुना फेकून पुन्हा घ्या. अशा नमुन्यात हमखास शेणातले जिवाणू उगवतात आणि अहवाल तुम्हाला चुकीच्या वाटेला लावतो.

कोणते जिवाणू आहेत त्यावर पुढचे अवलंबून आहे. स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि स्ट्रेप्टोकोकस अ‍ॅगॅलॅक्शिए एका गाईकडून दुसरीकडे धार काढणाऱ्याच्या हातांतून, पुसण्याच्या एकाच फडक्यातून जातात. अशा गाईची धार शेवटी काढायची, फडके प्रत्येकीचे वेगळे. ई. कोलाय, क्लेब्सिएला आणि स्ट्रेप्टोकोकस युबेरिस गोठ्यातूनच येतात. गोव्यात सॉमिलचा भुसा गाईखाली पसरायची पद्धत बरीच आहे. ओला लाकडी भुसा क्लेब्सिएलाचे आवडते घर आहे. पावसाळ्यात भुशाऐवजी कोरडी वाळू किंवा रबराची चटई बरी. पण चटईखाली मूत्र-शेणाचा रबडा साचतो, म्हणून ती आठवड्यातून एकदा उचलून धुवा आणि खालची जमीन सुकू द्या.

ई. कोलायचा तीव्र कासदाह हा काही तासांचा खेळ आहे. दूध ताकाच्या निवळीसारखे पिवळट पाणी होते, कान-पाय गार पडतात, गाय उठत नाही. अशा वेळी सडात औषधाची ट्यूब सोडून सकाळची वाट पाहू नका. तिला शिरेतून सलाईन आणि वेदनाशामक लागते, रात्रीच फोन करा. पशुवैद्य येईपर्यंत दर दोन-तीन तासांनी तो सड पिळून रिकामा करत राहा.

सडात ट्यूब सोडतानाही चुका होतात. स्पिरिटने पुसताना आधी लांबचे दोन सड, मग जवळचे. ट्यूब सोडताना आधी जवळचे, मग लांबचे. म्हणजे पुसलेल्या सडाला तुमची बाही घासत नाही. नळी पूर्ण आत ढकलू नका, टोकाचे दोन-तीन मिलिमीटर पुरतात. खोल घातलेली नळी सडाच्या आतले संरक्षक मेणचट अस्तर ओरबाडते आणि त्याच वाटेने पुढचा संसर्ग शिरतो.

प्रतिबंधात एकच गोष्ट करायची झाली तर धारेनंतर सड बुडवा. औषध दुकानातल्या ५ टक्के पोव्हिडोन आयोडीनमध्ये प्रत्यक्ष उपलब्ध आयोडीन ०.५ टक्के असते आणि सडासाठी तेवढेच लागते. बरेच जण बाटलीवर ५ टक्के वाचून त्यात दहापट पाणी घालतात आणि मग "काही फरक पडत नाही" म्हणतात. पाणी घालू नका. नऊ भाग द्रावणात एक भाग ग्लिसरीन मिसळा, म्हणजे सडाला भेगा पडणार नाहीत. सड पूर्ण बुडायला हवा, नुसता फवारा एकाच बाजूला लागतो. त्यानंतर अर्धा तास गाय उभी राहील असा ताजा चारा गव्हाणीत टाका, कारण धारेनंतर सडाचे तोंड तेवढा वेळ उघडे असते. आणि धार मुठीने काढा. अंगठा दुमडून ओढण्याची सवय सडाच्या आत जखमा करते.

गाय विण्याच्या ६० दिवस आधी आटवा. ज्या गाईला आधी कासदाह झाला आहे तिच्या चारही सडांत शेवटच्या धारेनंतर आटवण्याची ट्यूब पशुवैद्यांकडून सोडून घ्या. भाकड काळात औषध आत टिकून राहते, त्यामुळे दुभत्या काळात दाद न देणारा सुप्त संसर्गही बऱ्याचदा इथे सुटतो.

घटसर्प आणि फऱ्या

मिरगाचा पहिला पाऊस पडला की घटसर्प येतो, असे म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. पाश्चुरेला मल्टोसिडा हा जिवाणू काही निरोगी जनावरांच्या घशात मुळातच असतो. पावसाचा, नांगरणीचा, चाऱ्याच्या टंचाईचा ताण आला की तो उसळतो. म्हशी आणि पारडी आधी बळी पडतात. ताप १०४ ते १०७, तोंडातून लाळेच्या तारा, गळ्याखाली गरम, कडक, दुखरी सूज, श्वासाला घरघर. पुष्कळदा पहिल्या लक्षणापासून मरणापर्यंत एक दिवसही जात नाही. गळ्याखाली सूज आहे, पण ती गार आहे, बोटाने दाबली तर खळगा राहतो आणि ताप नाही, तर ते यकृतातल्या पर्णकृमींचे पाणी असू शकते. भातखाचरांतल्या गोगलगाईंमुळे हे कृमी आपल्याकडे असतातच. दोन्हींचे औषध पूर्ण वेगळे, म्हणून हात लावून बघणे महत्त्वाचे.

एक जनावर घटसर्पाने गेले की उरलेल्या सगळ्यांचे तापमान आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजा. सूज येण्याआधी, नुसत्या तापात पकडलेले जनावर वाचते. घरघर सुरू झाल्यावर क्वचितच.

फऱ्या, म्हणजे एकटांग्या, चांगल्या पोसलेल्या सहा महिने ते दोन वर्षांच्या वासरांना गाठतो. क्लॉस्ट्रिडियम शोव्हाय मातीत बीजाणूरूपात वर्षानुवर्षे राहतो. वासरू एकाएकी लंगडते, मांडी किंवा खांदा सुजतो आणि दाबल्यावर कातडीखाली पापड मोडल्यासारखी कुरकुर ऐकू येते. ती कुरकुर म्हणजे जिवाणूंनी केलेला वायू. पुढे सूज गार आणि बधिर होते. पेनिसिलीन अगदी सुरुवातीला गुण देते.

दोन्ही रोगांच्या लसी वर्षातून एकदा, सहा महिन्यांवरच्या जनावरांना, पावसाच्या आधी द्यायच्या. गोव्यात मोसमी पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे लस मेच्या मध्यापर्यंत टोचून व्हायला हवी. जून उजाडल्यावर धावाधाव करून दिलेली लस पहिल्या, सर्वांत धोक्याच्या पंधरवड्यात उपयोगी पडत नाही. लस २ ते ८ अंश सेल्सिअसला राहिली पाहिजे. बर्फाला थेट टेकून ती गोठली तर मिश्रण फुटते आणि ताकद जाते. फुटलेली, तळाशी गुठळ्या झालेली बाटली वापरू देऊ नका. आपल्याच गोठ्यापुरती लस देऊन भागत नाही. सत्तरी, धारबांदोडा, सांगेच्या रानात एकत्र चरणाऱ्या म्हशींची लस वाड्यातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी करून घेतली तरच साखळी तुटते.

अचानक मेलेले जनावर आणि खड्डा

सुरुवातीला सांगितलेले काळसर, न गोठणारे रक्त ही काळपुळीची (अँथ्रॅक्सची) खूण. तिची शंका आली की शव उघडायचे नाही, कारण हवा लागताच जिवाणू बीजाणू बनतात आणि ते मातीत कित्येक दशके टिकतात. कातडे काढणे, मांस वाटणे, कुत्र्यांना सोडणे यातले काहीही माणसाच्या जिवावर बेतू शकते. शंकेची खबर पंचायतीला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला देणे २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्यानुसार मालकाचे कर्तव्य आहे. पशुवैद्य कानाच्या शिरेतून एक थेंब घेऊन काचपट्टी करतात, तेवढाच नमुना पुरतो. नाक, तोंड, गुदद्वारात फिनाईलच्या कापसाचे बोळे ठासायचे ते फक्त गळती थांबवायला, साधे फिनाईल बीजाणू मारत नाही. काळपुळीचे शव जाळणे उत्तम. त्यावर चुना ओतला की काम झाले, हा समज चुकीचा आहे.

इतर रोगांत पुरायचे तर खड्डा दोन मीटर खोल हवा. शवाच्या खाली-वर चुना आणि वर किमान एक मीटर माती. गोव्यात इथेच अडते. डोंगरावर दोन हात खाली जांभा लागतो आणि फावड्याने खड्डा होत नाही. खाजनाकाठी पावसाळ्यात एका मीटरवर पाणी येते, शव फुगून वर येते आणि विहिरी नासतात. म्हणून मोठ्या गोठ्याने पाऊस लागण्याआधीच उंचावर, विहीर आणि ओहोळापासून दूर, जिथे खड्ड्याचा तळ पाण्याच्या पातळीच्या वर राहील अशी जागा ठरवावी. खोदायचे यंत्र कोणाकडून येईल तेही विचारून ठेवावे. मृतदेह खाडीत किंवा ओहोळात ढकलणे म्हणजे रोग खालच्या वाड्याला पोचवणे.

गाय गाभडली तर

पाचव्या ते आठव्या महिन्यात गाभडलेली गाय, त्यात वार अडकलेली, तर ब्रुसेला (गर्भ पाडणारा, माणसालाही लागणारा जिवाणू) नाही असे ठरेपर्यंत ब्रुसेलाच समजा. वासरू, वार, पाणी यांत कोट्यवधी जिवाणू असतात. उघड्या हाताने वार ओढणे हा माणसाला ब्रुसेला लागण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. मग महिनोन्‌महिने येणारा-जाणारा ताप, सांधेदुखी, घाम. अशा घरातल्या कोणाला ताप आला तर डॉक्टरांना गाय गाभडल्याचे आवर्जून सांगा. नाहीतर त्या दिशेने तपासणीच होत नाही.

खांद्यापर्यंतचे हातमोजे घाला. वासरू आणि वारेचा गुंडीदार तुकडा एकात एक तीन पिशव्यांत बांधून बर्फावर प्रयोगशाळेत द्या, बाकीचे चुन्यासह खोल पुरा. गाईचे रक्त लगेच आणि पुन्हा दोन-तीन आठवड्यांनी तपासा. गाभडल्याच्या दिवशी प्रतिपिंडे कमी असू शकतात, म्हणून पहिला अहवाल निगेटिव्ह आला तरी निर्धास्त होऊ नका. दूध संस्थेच्या पातळीवर दुधाची वलय चाचणी स्वस्त पडते. एक मिलिलिटर दुधात रंगीत प्रतिजनाचा थेंब घालून ३७ अंशांवर तासभर ठेवतात. साईचे वलय निळे झाले तर त्या गटात कुठेतरी ब्रुसेला आहे. चीक किंवा कासदाहाचे दूध मिसळले असेल तर ती खोटी पॉझिटिव्ह येते.

लस एकदाच: ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना, एस-१९. ती २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली मिळते, नोंद कानातल्या बारा आकडी बिल्ल्यावर होते. गाभण गाईला ती देत नाहीत, कारण तिच्यामुळे गर्भ पडू शकतो. नर वासरांनाही नाही. लस जिवंत आहे. टोचणाऱ्याच्या बोटाला सुई लागली तर त्याने त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

लेप्टोस्पायरा गोव्यात तितकाच महत्त्वाचा, फक्त त्याचे नाव गोठ्यात कमी निघते. उंदराच्या आणि बाधित गुरांच्या लघवीतून तो पाण्यात येतो. ओल्या मातीत आठवडेच्या आठवडे जगतो, सुकवला की मरतो. दुभत्या गाईत त्याची एक खूण आहे: चारही सडांचे दूध एकदम उतरते, चिकासारखे पिवळे किंवा रक्ताळलेले होते, पण कास मऊच राहते. कासदाहात एखादा सड गरम आणि कडक असतो. हा फरक ओळखता आला तर नाहक ट्यूबा सोडणे वाचते. वासरांत लाल लघवी आणि कावीळ, कुत्र्यांत उलट्या, कावीळ, लघवी बंद. पहिल्या आठवड्यात रक्त, त्यानंतर लघवी असा नमुना घ्यावा. कुत्र्याला दरवर्षी लस द्या. खुराकाची पोती जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून हातभर दूर रचा. गोठ्यातले पाणी साचू देऊ नका. पायाला भेग असेल तर गमबुटाशिवाय गोठा धुवू नका.

वासरे, शेळ्या, डुकरे, कोंबड्या

वासराची हगवण चिकाने टळते. जन्मवजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे २५ किलोच्या वासराला अडीच लिटर. त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत, उरलेला सहा तासांच्या आत. एका दिवसानंतर आतड्यातून संरक्षक प्रथिने आत जात नाहीत. वार पडायची वाट पाहत चीक रोखून धरण्याची प्रथा वासरांचे जीव घेते. नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये पूर्ण बुडवा. हगवण लागलीच तर उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चार वेळा, आणि दूध बंद करू नका. डोळे खोल गेले, मानेची चिमटीत धरलेली कातडी परत बसेना, तर सलाईनच लागते.

शेळ्यांत पहिल्या कोवळ्या गवतावर किंवा भाताच्या ढिगावर तुटून पडलेले सर्वांत गुटगुटीत पिल्लू सकाळी मेलेले सापडते, तो आंत्रविषार. लस पावसाआधी, पहिल्या वर्षी दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा. डुकराच्या अंगावर शंकरपाळ्याच्या आकाराचे लाल चट्टे उठले तर एरिसिपेलस, पेनिसिलीन चांगले लागते. पण कान-पोट निळसर-लाल होऊन एकामागून एक डुकरे मरत असतील तर तो विषाणूजन्य स्वाइन फिव्हर समजून खबर द्या. कोंबड्यांत तोंड सुजून नाकातून दुर्गंधी स्राव आला तर कोरायझा. एकदम घाऊक मर झाली तर पक्षी उघडून बघू नका, खात्याला कळवा.

नमुना पोचेपर्यंत

रक्तजलासाठी (सीरमसाठी) झाकण लाल असलेल्या साध्या नळीत पाच मिलिलिटर रक्त घ्या आणि नळी न हलवता तास-दोन तास तिरकी ठेवा, मग थंडीत. गोठलेले रक्त फ्रीझरमध्ये टाकले तर पेशी फुटून सगळे लाल होते आणि चाचणी वाया जाते. जांभळ्या झाकणाच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत रक्त घेतल्यावर ती आठ-दहा वेळा हळू उलटी-सुलटी करा. काचपट्टी पावसाळी हवेत लवकर सुकत नाही. ती हाताने हलवत सुकवा आणि माश्यांपासून झाका, त्या रक्त चाटून नेतात. घटसर्पाने मेलेल्या जनावराचे शव कुजायला लागले असेल तर पायाचे लांब हाड मज्जेसह द्यावे, त्यात जिवाणू जास्त वेळ टिकतात. जिवाणू वाढवायच्या नमुन्यात फॉर्मॅलिन कधीही घालू नका.

नाव पेन्सिलीने लिहा, बॉलपेन बर्फाच्या पाण्यात पसरते. काणकोणहून पणजी सत्तरेक किलोमीटर. जेल-पॅक घालून बंद केलेला थर्माकोलचा नवा डबा एवढ्या वाटेला पुरतो. मासळीचा वापरलेला डबा नको. टोंक-करंजाळे येथे पशुसंवर्धन खात्याचा रोगनिदान विभाग आहे. तालुक्याच्या दवाखान्यामार्फत नमुना गेला तर सोबत माहितीचा कागदही नीट जातो. मदतीसाठी १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन करा.

औषध आणि दूध

वाढलेल्या जिवाणूंवर कोणते औषध चालते हे सांगणारी संवेदनशीलता चाचणी दोन-तीन दिवस घेते. तोवर पशुवैद्य अनुभवाने औषध सुरू करतात आणि अहवाल आल्यावर बदलतात. कमी मात्रा हे औषध न लागण्याचे मोठे कारण. वजन डोळ्यांनी नका ठरवू. छातीचा घेर इंचात, त्याचा वर्ग, गुणिले खांद्यापासून माकडहाडापर्यंतची लांबी इंचात, भागिले ६६०. घेर ६४ आणि लांबी ५४ असेल तर सुमारे ३३५ किलो. गोव्याची देशी गाय श्वेतकपिला संकरित गाईपेक्षा लहान असते, तिला संकरित गाईची मात्रा ठोकू नका. ताप उतरला म्हणून तिसऱ्या दिवशी औषध थांबवू नका. कोलिस्टिन खाद्यजनावरांसाठी २०१९ पासून बंद आहे. तापासाठी मेलोक्सिकॅम घ्या. डायक्लोफिनॅक, किटोप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक जनावरांसाठी बंदी असलेली औषधे आहेत.

औषधाच्या लेबलावर दुधाचा प्रतीक्षाकाळ लिहिलेला असतो. लिहिलेला नसेल तर नियमाने दूध आणि अंड्यांसाठी किमान ७ दिवस, मांसासाठी २८ दिवस. एका सडात ट्यूब सोडली तरी चारही सडांचे दूध वेगळे ठेवायचे, कारण औषध रक्तातून सगळीकडे जाते. ते दूध वासरालाही पाजू नका. त्याच्या पोटातले जिवाणू औषधाला सरावतात. गाईच्या गळ्यात लाल दोरी बांधा, म्हणजे धार काढायला दुसरे कोणी आले तरी चूक होत नाही. संस्थेच्या टाकीत असे एक भांडे गेले तर सगळ्या वाड्याचे दूध परत येते.

नवे जनावर आणि धुणे

सरकारच्या कामधेनू योजनेतून असो की बाजारातून, बाहेरून आणलेली गाय तीन ते चार आठवडे वेगळी बांधा. बादली, फडके, दोर वेगळे. त्या काळात रक्ताची ब्रुसेला चाचणी, साबणाची दूध चाचणी आणि क्षयाची कातडीतली चाचणी करा. क्षयाची चाचणी ७२ तासांनी वाचतात, कातडीची जाडी चार मिलिमीटर किंवा जास्त वाढली तर पॉझिटिव्ह.

गोठा निर्जंतुक करताना औषध शेणावर ओतले जाते, ही नेहमीची चूक. शेणातले सेंद्रिय द्रव्य क्लोरीन खाऊन टाकते. आधी खरवडा, मग साबणपाण्याने घासा, निथळू द्या. त्यानंतर लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम ब्लीचिंग पावडर घालून शिंपडा आणि अर्धा तास तसेच ठेवा. ब्लीचिंग पावडर उघडी राहिली तर दमट हवेत काही आठवड्यांतच तिची ताकद जाते. लहान पुडा घ्या, घट्ट डब्यात ठेवा आणि त्यावर उघडल्याची तारीख घाला. तिच्यात फिनाईल किंवा अ‍ॅसिड मिसळू नका, विषारी वायू सुटतो. चिऱ्यांच्या भिंतींच्या सांधी दर वर्षी मेमध्ये, लस टोचून झाली की त्याच आठवड्यात, चुन्याने भरून घ्या. गोचिडी अंडी तिथेच घालतात.